रांग इथे संपते

२ सप्टेंबर

ही वही कॉलेज संपलं तेव्हा घेतली होती. नोकरी लागल्याशिवाय पहिलं पान उघडायचं नाही असं ठरवलं होतं. आज उघडलं.

आईला सांगितलं, रांग सांभाळायची नोकरी आहे.

"कुणाची?"

"लोकांची."

"म्हणजे लोकांना नीट उभं करायला आता पदवी लागते?"

बाबा पाठमोरे बसून बसच्या सीटचं कव्हर शिवत होते. त्यांचे खांदे हलताना दिसले. हसत होते. मी घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हापासून ते मला 'साहेब' म्हणतात. "साहेब, रांग सांभाळणं सोपं नाही," म्हणाले, "बसलेला माणूस गप्प असतो. उभा असलेला बोलतो."

दुकान रामेनचं आहे. जेमतेम आगगाडीच्या डब्याएवढं. आत एक लांब फळकूट, त्यापुढे ओळीनं स्टूल, आणि पलीकडे मोठाल्या भांड्यांत पहाटेपासून हाडांचा रस्सा उकळत असतो. गरम रस्सा, त्यात नूडल्स, वर मांसाचे दोन काप आणि अर्धं अंडं. बस्स. पण त्यासाठी रांग कुलूपवाल्याच्या दुकानावरून वळून औषधवाल्याच्या पायरीपर्यंत जाते. रोज भांडणं होतात, म्हणून मालकांनी माणूस हवा अशी पाटी लावली. माझा विषय लोकप्रशासन होता म्हटल्यावर मालक म्हणाले, "वा. लोक बाहेर आहेत. प्रशासन तू बघ."

तिथले लाल रेक्झिनचे स्टूल बाबांच्या हातचे आहेत, हे आजच कळलं. मालक स्टूल घरी नेऊ देत नव्हते, म्हणून बाबांनी मागच्या दाराशी बसून सगळे शिवून दिले.

"मागच्या दाराला फार वर्दळ असते, साहेब," बाबा म्हणाले.

"सामान येत असेल."

"हो," ते म्हणाले, "सामानच."

५ सप्टेंबर

चार दिवसांत घसा बसला. एक माणूस उभा राहतो आणि दारापाशी पोचला की त्याचे सात मित्र कुठून तरी उगवतात. मागचे शिव्या देतात. पण त्याहून वाईट गोष्ट काल पाहिली. एक म्हातारं जोडपं एकमेकांना धरून दारापर्यंत आलं, आणि आतून आवाज आला, संपलं. रस्सा रोज ठरावीकच होतो. संपेल तेव्हा जो दारात असेल त्याचं नशीब. त्या आजींनी मला विचारलं, "मघाशीच सांगितलं असतं तर?"

आज मालकांना तीन नियम लिहून दिले. सगळे जण हजर असतील तरच रांगेत जागा. कुणासाठी जागा धरायची नाही, आतही नाही. आणि तिसरा, माझा आवडता: आचाऱ्यानं सकाळी मला किती वाट्या होतील ते सांगायचं. मी माणसं मोजणार. शेवटची वाटी ज्याच्या वाट्याला, त्याच्या हातात एक लाकडी फळी द्यायची. तिच्यावर लिहिलेलं असेल, रांग इथे संपते. नंतर येणाऱ्यानं वाचावं आणि उगाच पाय न मोडता घरी जावं.

मालकांनी कागद दोनदा वाचला. "छान दिसेल," म्हणाले.

७ सप्टेंबर

फळी बाबांनी केली. जुन्या खुर्चीची पाठ कापली आणि कडा काचपेपरनं इतक्या घासल्या की लोण्यासारख्या लागतात. "लोक हातात धरणार, कुसळ लागायला नको." अक्षरं मी रंगवली. 'संपते' जरा वर चढलं आहे.

१२ सप्टेंबर

फळी चालली. खरंच चालली. ज्याच्या हातात जाते तो आधी लाजतो, मग मिरवतो. लोक फोटो काढतात. आज एका मोठ्या गाडीतून सूटवाला उतरला आणि म्हणाला, किती द्यायचे बोल. मी त्याला औषधवाल्याची पायरी दाखवली. त्याच्यापुढे एक हमाल होता आणि त्याच्यापुढे एक नर्स. दुसऱ्या कुठल्या जागी हे तिघं या क्रमानं उभे राहतील? मला वाटतं यावर लेख लिहिता येईल. मालक खिडकीतून पाहत होते. "अशीच कडक राहा," म्हणाले.

दुकानात मला आता 'पदवी' म्हणतात. हे नाव आचाऱ्यानं ठेवलं. त्याचं स्वतःचं नाव 'बंब', कारण तो बाराही महिने वाफेत असतो. वाढणाऱ्या ताई जास्त टोचतात. "पदवी, एक माशी रांग मोडून आत शिरली बघ."

एक गंमत बाबांना सांगितली. इथली नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा नूडल्स हव्या असतील तर तोंडानं मागत नाहीत. दोन बोटांनी फळकुटावर टक्‌टक्‌ करतात. बाबांनी लगेच शिलाई मशीनवर करून पाहिलं. आई म्हणाली, "इथे काही मिळणार नाही."

बाबा अलीकडे जेवायला फार वेळ लावतात. सगळे उठले तरी ते चहात बुडवलेल्या पावाशी बसलेले. आई म्हणते, तोंडात कापूस आहे का? आवाजही बसलाय त्यांचा. फोमची धूळ. मी तोंडाला बांधायला फडकं आणून दिलं.

२० सप्टेंबर

आज मान खाली गेली. आचाऱ्यानं सांगितलेल्या आकड्याप्रमाणे फळी दिली आणि रस्सा आधीच संपला. फळीवाला आणि त्याच्यापुढचे तिघं, इतका वेळ उभे राहून, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, उपाशी परत गेले. मी प्रत्येकाची माफी मागितली.

"आकडा चुकला कसा?" मी बंबला विचारलं.

तो भांडं घासत राहिला. "भांड्याला तळ असतो, पदवी."

"पण तळ रोजच असतो ना?"

"रोज एकाच जागी नसतो."

त्याच वेळी मागच्या दाराला गाडी उभी होती आणि ताई झाकणाचे डबे तिच्यात ठेवत होत्या. मालकांच्या घरी कुणी आजारी आहे म्हणे. मोठं कुटुंब असावं.

ठरवलं की यापुढे आचारी सांगेल त्यापेक्षा पाच माणसं कमी मोजायची. दिलेला शब्द खोटा ठरण्यापेक्षा न दिलेला बरा.

२९ सप्टेंबर

बाबांनी पट्ट्याला आरीनं नवीन भोक पाडलं. मी म्हटलं, रोजचं चालणं मानवतंय तुम्हाला.

रात्री विचारत होते, रस्सा कसा असतो? म्हटलं, पहिल्या दिवशी एकदाच खाल्ला, आम्हाला रोज नुसत्या नूडल्स मिळतात, तेल-मीठ लावून. पण दाट असतो, दुधाळ.

"गिळायला सोपा?"

"बाबा, चवीचं विचारा."

"हां, चवीचंच विचारतोय."

७ ऑक्टोबर

मामा आज बाबांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मला वाटलं होतं, धुळीचं औषध देतील.

घशात गाठ आहे. मोठी. स्वरयंत्र काढावं लागेल. येत्या सोळाला ऑपरेशन, पंधराला भरती. बोलणं जाईल. जेवण नळीनं. नंतर तोंडानं खाता येईल का, तर डॉक्टर म्हणाले, बघू. मामा सांगत होता आणि आई भाजी निवडत होती. निवडून झालेलीच पुन्हा निवडत होती.

एवढे दिवस मी काय पाहत होते? पाव, पट्टा, फडकं. सगळं या वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

मग बाबा म्हणाले, "साहेब, तुमच्या दुकानात एकदा बसायचंय. माझ्या स्टुलावर. तुमच्या राज्यात."

९ ऑक्टोबर

घरात भांडण. मामाचं म्हणणं, त्यात काय, मागच्या दारानं एक वाटी आण. "अख्खं जग मागच्या दारानं खातं. तुझ्याच बापाला पुढचं दार कशाला?"

मी नाही म्हटलं. दुकानात ताईही आज हळूच म्हणाल्या, "बाबांना आण. कोपऱ्यातला स्टूल मी धरून ठेवते. कुणाला पत्ता लागणार नाही." त्यांनाही नाही म्हटलं. आत जागा धरायची नाही हा माझाच नियम आहे. रोज मी लोकांना काय सांगते? इथे कुणी कुणाचा कोण नाही. आमच्या घरात कुणाची ओळख नव्हती, वशिला नव्हता. मला कॉलेजात प्रवेश मिळाला कारण त्या दिवशी ती एक यादी सरळ लागली होती. माझ्या जागी कुणाचाही माणूस घुसवता आला असता, पण त्या टेबलावरचा कुणी घसरला नाही. मी तरी कशी घसरू?

"मग बापाला उभं कर उन्हात," मामा म्हणाला.

बाबांनी हात वर केला. त्यांना आता बोलायला ताकद लागते. "साहेब बरोबर आहेत. रांगेत उभा राहीन. मजा असते म्हणतात."

आईनं ताट आपटलं.

१३ ऑक्टोबर

जसं घडलं तसं लिहिते.

उद्या दुकान बंद राहणार आणि परवा भरती. म्हणजे आजचाच दिवस उरला होता. मी कामाला आधी निघाले. बाबांनी लवकर यायचं ठरलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पण वाटेत तीनदा बसावं लागलं, असं आईनं नंतर सांगितलं. ते पोचले तेव्हा रांग कुलूपवाल्यापर्यंत गेली होती. आई समोरच्या पायरीवर बसली. तिला खायचं नव्हतं. बाबा कुलूपवाल्याच्या शटरला खांदा लावून उभे राहिले. मी लांबून पाहत होते. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. ते ठरलेलं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

रांग सरकत होती आणि मी मनात मोजत होते. बसेल, आरामात बसेल.

मग बंबनं ताईंकडून निरोप पाठवला, आज पंधरा कमी.

"पंधरा? का?"

ताईंनी बाहेर पाहिलं, शटरपाशी. "मोजू नकोस आज," म्हणाल्या. "नुसतं आत सोड."

मी मोजलं. पंधरा कमी, आणि माझे पाच कमी. शेवटची वाटी छत्री घेतलेल्या एका माणसाची निघाली. त्याच्यामागे बाबा.

दुसऱ्यांदा मोजलं. तेच.

ते पाच माझे होते. मीच धरलेले, मीच सोडू शकले असते. पण त्या पाचांमुळेच वीस सप्टेंबरनंतर एकही माणूस फसला नव्हता. आज माझा माणूस आहे म्हणून आज सोडायचे? मी फळी घेऊन गेले आणि छत्रीवाल्याच्या हातात दिली. तो खूश झाला. मग त्यानं मागे पाहिलं. बाबा आता शटर सोडून त्याच्या पाठीशी उभे होते, कॉलर सैल, गळ्याला फडकं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. आमची नाकं सारखी आहेत, सगळे म्हणतात.

"हे तुमचे कोणी आहेत का?" त्यानं विचारलं. "नाही, म्हणजे असतील तर मी—"

"नाही," मी म्हटलं. "गिऱ्हाईक आहेत."

बाबा बुटांकडे पाहत होते. मग वर पाहून, त्या उरलेल्या आवाजात म्हणाले, "बरोबर केलंत, मॅडम." आणि हात पुढे करून फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कड निघालीय जरा. घासून घ्या, कुणाला तरी लागेल."

आई पायरीवरून उठली. दोघं निघून गेली. मी त्यांच्यामागे जाऊ शकत नव्हते. अजून रांग होती.

दुकान मिटल्यावर फळी धुवायला मागे गेले. मागच्या दाराला दोन गाड्या होत्या. डबे. एका ड्रायव्हरनं मला म्हटलं, "ताई, जरा झाकण धरा, सांडतंय." मी धरलं. डबा काठोकाठ भरलेला होता. तो दाबून बसवत म्हणाला, "आमच्या साहेबांकडे आज पंधरा पाहुणे."

ताई भांडी विसळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पदवी, तुला खरंच माहीत नव्हतं?"

मी मालकांकडे गेले. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी खुर्ची दिली.

"पुढची रांग आहे म्हणून मागून मागणी आहे," ते म्हणाले, अगदी शिकवल्यासारखं. "समोर बसून कुणालाही मिळालं, तर त्यांना घरबसल्या मिळाल्याची किंमत काय? तू आल्यापासून रांग कशी देखणी दिसते. तुझी फळी तर लोक लांबून बघायला येतात."

"आणि जे परत जातात ते?"

"उद्या लवकर येतात."

मग ते बाबांविषयी बोलले; कुणीतरी त्यांना सांगितलेलं असावं. त्यांचा चेहरा खरंच पडला. "अगं वेडे, मला सांगायचं. स्टूल शिवणारे तेच ना? डबा पाठवला असता घरी." त्यांनी बंबला हाक मारली. बंबनं डबा भरला, मांसाचे चार काप घातले आणि माझ्या हातात देताना नजर दिली नाही.

मी तो घेतला. हे लिहायचं टाळत होते. मी तो घेतला आणि पळत घरी आले.

नूडल्स फुगून दोरखंड झाल्या होत्या. आईनं वाटीत नुसता रस्सा काढला.

"उरला होता?" बाबांनी विचारलं.

"हो."

"उरतो कधीकधी," ते म्हणाले.

त्यांनी चमचाभर तोंडात घेतला आणि धरून ठेवला. डोळे मिटले. मग गिळायला गेले आणि सगळा नाकातोंडातून परत आला, इस्त्रीच्या शर्टावर. खोकला थांबेना. आईनं पुसलं. थांबल्यावर आईकडे बघून त्यांनी मान डोलावली, छान आहे म्हणून.

१६ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेताना ते शेवटचं काही बोलतील म्हणून आम्ही वाकलो. ते म्हणाले, "मशीनला तेल द्या."

२६ ऑक्टोबर

बाबांना पाटी आणून दिली आहे. फार लिहीत नाहीत. 'ऊन'. 'उशी'. काल 'साहेब जेवल्या?'

नाकात नळी आहे. गळ्याला भोक आहे आणि श्वास तिथून येतो, म्हणून वासही कळत नाही म्हणे. आई त्यांच्यासमोर फोडणी देत नाही. त्यांना कळणारच नाही, हे तिला समजावलं. तरी देत नाही.

मी कामावर आहे. सोडणार होते. दोनदा राजीनामा लिहिला. पण मशीन बंद आहे आणि घरात कमावणारी मी एकटी. मामानं हे सांगायची गरज नव्हती, तरी त्यानं सांगितलं.

आता मी मोजते तेव्हा मला माहीत असतं की आत आणखी आहे. फळी देते. लोक फोटो काढतात. आज एका बाईच्या कडेवर मूल होतं आणि फळी तिच्या पुढच्याला गेली. ती म्हणाली, "निदान तुम्ही खरं सांगता."

१८ नोव्हेंबर

कोपऱ्यातल्या स्टुलाचं रेक्झिन फाटलं. बाबा येऊ शकत नाहीत, म्हणून मालकांनी पहिल्यांदाच स्टूल बाहेर नेऊ दिला. मी तो खांद्यावर घेऊन आले.

बाबांनी तो उलटा केला, जुने खिळे एकेक काढले, काथ्या पिंजला. इतक्या दिवसांत त्यांच्या हातांना काम मिळालं. मी समोर बसले. मला आणखी सांभाळता येईना, म्हणून सांगून टाकलं. त्या दिवशी रस्सा होता. आत पंधरा वाट्या होत्या आणि मागच्या दारानं गेल्या. रोज जातात. तुम्ही माझे कोणी नाही म्हटलं ते कशासाठी, तर त्या रांगेसाठी, आणि ती रांग मुळात खोटी होती.

ते रेक्झिन ताणत होते. थांबले नाहीत. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकलं म्हणून. टाका घातला, दातांनी दोरा तोडला. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग आला, ना नवल. एवढं ऐकून माणसाला नवल कसं वाटत नाही, मला कळलं नाही. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'फळी आणली का? कड.'

मी उद्या आणते म्हटलं.

स्टूल तयार झाला. त्यांनी तो सरळ केला, तळव्यानं दाबून पाहिला आणि त्यावर बसले. कापायच्या टेबलासमोर, पाठ ताठ करून. दुकानात बसतात तसे. आई त्यांच्या दुपारच्या जेवणाची वाटी आणि सिरिंज घेऊन आली. पांढरं, पातळ, कसलीच चव नसलेलं. तिनं नळीचं तोंड उघडलं आणि सावकाश आत सोडलं. ते समोर भिंतीकडे बघत होते. वाटी संपली.

त्यांनी दोन बोटांनी टेबलावर टक्‌टक्‌ केलं.

आईला चटकन आठवलं नाही. ती घाबरली, "काय? दुखतंय का? थांबू?"

मी उठले आणि दुसरी वाटी भरून आणली.